अडकित्त्यानं कापलेली गोळी

मीराचा फोन आला तेव्हा यशवंतराव चहात टोस्ट बुडवत होते. मीरा म्हणजे भैय्यालालची सून. सासऱ्याला ती छत्तीसगढीत ददा म्हणे.

"काकाजी, जल्दी आइए. ददा उठ नहीं रहे. तीन दिन से उलटी चल रही थी, अब आँखें फेर रहे हैं."

टोस्ट कपात गळून पडला. यशवंतराव तसेच चपला सरकवून निघाले. भैय्यालालचं घर रायपूरच्या गुढियारीत त्यांच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मागल्या गल्लीत होतं. चार मिनिटांची वाट, पण अलीकडे त्यांना दम लागे, म्हणून सात मिनिटं लागली. इंदूबाई स्वयंपाकघरातला गॅस बंद करून, पर्स काखेला मारून मागोमाग आल्याच.

भैय्यालाल खाटेवर पडला होता. एकेकाळी शंभर किलोचं तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा हा गडी आता चादरीखाली दिसेनासा झाला होता. ओठ कोरडे, हात गार.

"भैय्यालाल! अरे ए! मी आहो," यशवंतराव म्हणाले.

"बड़े बाबू..." भैय्यालाल पुटपुटला. "मूड़ किंदरत हे." म्हणजे डोकं गरगरतंय.

मीरानं आणि इंदूबाईंनी त्याला धरून ऑटोत घातलं. अंडरब्रिजपाशी धानाचा ट्रक अडकला होता आणि ऑटोवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. भैय्यालालचं डोकं यशवंतरावांच्या खांद्यावर होतं. यशवंतरावांनी त्याचं मनगट धरून ठेवलं होतं. नाडी चाले, मधेच एक ठोका चुके, मग दोन घाईघाईनं येत. ही नाडी अशी का चालतेय, ते त्यांना कळत होतं. निदान शंका तरी पक्की होती. ते सांगायचं म्हटलं तर स्वतःच्या जिवाशी गाठ होती.

ती गाठ कशी, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

यशवंतरावांचे वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला आले. यशवंतराव इथंच वाढले, इथंच मालधक्क्यावर बाबू झाले. भैय्यालाल त्याच धक्क्यावर हमाल. एकतीस वर्षं दोघांनी एकत्र काढली. वॅगन लागायची असली की दोघं पोत्यांच्या थप्पीआड बसत आणि एक बिडी पेटवत. दोन बिड्या खिशात असल्या तरी एकच पेटवत. अर्धी बाबूची, अर्धी हमालाची. साहेबांना ते आवडत नसे. "बाबू, जरा पोझिशन का तो खयाल रखो," असं एकानं सुनावलंही होतं. यशवंतराव 'जी' म्हणाले आणि संध्याकाळी पुन्हा थप्पीआड गेले.

दोघं निवृत्त झाले आणि एकाच वर्षी, पाच महिन्यांच्या अंतरानं, दोघांच्याही फुप्फुसात गाठ निघाली.

छत्तीसगढ वेगळं राज्य होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. पूर्वी असला रोग म्हणजे नागपूर, नाहीतर थेट मुंबई. आता रायपूर राजधानी झालेली, शहराबाहेर मोठमोठी इस्पितळं उभी राहिलेली. त्यातल्याच एका कर्करोगाच्या इस्पितळात दोघांची केमो सुरू झाली. तिथं डॉक्टर ज्ञानदा होत्या. रायपूरच्याच, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथं असलेल्या घराण्यातल्या. बोलायच्या सावकाश. एक दिवस त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"काका, एक जुनी गोळी आहे. मनाच्या आजाराची. ज्यांना भास होतात, कानात आवाज येतात, अशा रोग्यांना ती चाळीसएक वर्षांपासून देतात. काचेच्या बशीत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींवर ती घातली तर पेशी मरताना दिसल्या. बशीत मेल्या म्हणजे माणसात मरतीलच असं नाही. ते बघायला एक अभ्यास चालू आहे. साठ रोगी. केमो सगळ्यांना. वरून तीस जणांना ही गोळी आणि तीस जणांना तशीच दिसणारी रिकामी गोळी."

"रिकामी काहून?" यशवंतरावांनी विचारलं.

"गोळी मिळतेय म्हटलं की माणसाला बरं वाटायला लागतं. नुसत्या आशेनंसुद्धा. मग गुण आशेचा की औषधाचा, ते कसं ओळखायचं? म्हणून कोणाला कुठली गोळी, ते तुम्हालाही माहीत नसतं आणि मलाही नाही. बाटलीवर फक्त नंबर. नंबराचा अर्थ सीलबंद पाकिटात."

घरी इंदूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "वेडाची गोळी? कॅन्सरले? उद्या पाऱ्यातल्या बाया म्हणतील, बाबूचं डोकं फिरलं. पोराचं लग्न जमवून राहिलो आपण, काही आहे का ध्यानात?"

"गाठ छातीत आहे इंदू, डोक्यात नाही."

"डोक्यातही असन. तपासून घ्या एकदा."

तरी यशवंतरावांनी सही केली. भैय्यालालला वाचता येत नसे, म्हणून सात पानांचा फॉर्म यशवंतरावांनीच त्याला ओळ न् ओळ वाचून, समजावून सांगितला. पाचव्या पानावर लिहिलं होतं की या गोळीनं क्वचित नाडी चुकू शकते आणि ती दुसऱ्या कोणालाही देऊ नये. तीही ओळ वाचली. भैय्यालालनं 'हव' म्हणून अंगठा उठवला.

महिन्याभरात यशवंतरावांचं तोंड कोरडं पडू लागलं. पेला धरला की बोटं थरथरत. दुपारी खुर्चीतच डोळा लागे. ते खुशीत आले. रिकाम्या गोळीनं असं होत नसतं, एवढं कोणालाही कळेल. भैय्यालालला मात्र काहीच होईना. "मोर गोली म कुछू नइ हे, बड़े बाबू," तो म्हणे, आणि हसे. हसता हसता खोकला सुरू झाला की बराच वेळ थांबत नसे.

दोन महिन्यांनी सीटी स्कॅन झाला. यशवंतरावांची गाठ बरीच लहान झाली होती. भैय्यालालची होती तेवढीच.

ज्या इंदूबाईंनी कपाळ बडवलं होतं त्यांनी त्या दिवसापासून ती बाटली देव्हाऱ्यात ठेवायला सुरुवात केली. आणि त्याच संध्याकाळी यशवंतराव बाटली खिशात घालून भैय्यालालच्या ओट्यावर गेले. सोबत सुपारीचा अडकित्ता घेतला.

"तुही काढ," ते म्हणाले.

भैय्यालालनं आपली बाटली आणली. यशवंतरावांनी आपली गोळी अडकित्त्यात धरून कट्‌कन कापली. मग त्याची कापली. आपलं अर्धं त्याला दिलं, त्याचं अर्धं आपण घेतलं.

"कागद म मना लिखे हे न?" भैय्यालालनं विचारलं. कागदात मनाई लिहिलीय ना?

"कागद लिवणाऱ्याले आपण दोघं माहीत नाही. खा."

पाण्याच्या एकाच तांब्यातून दोघांनी गोळी गिळली. त्यानंतर रोज संध्याकाळी हेच. इस्पितळात बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजत. मोजणी दर वेळी बरोबर येई. चोरी अशी की हिशेबात कुठं सापडू नये. एकदा इंदूबाई जेवणानंतर सुपारी थुंकत आल्या. "सुपारी कडू काहून लागून राहिली?" तेव्हा यशवंतरावांना सगळं सांगावं लागलं. बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आपली अर्धी घालवून राहिले. त्याची रिकामी खाऊन राहिले. मी अडवत नाही. पण मले काही झालेलं पाहायचं नाही." आणि त्यांनी सुपारीसाठी दुसरा अडकित्ता गोल बाजारातून आणला.

पंधरा दिवसांत भैय्यालालचंही तोंड कोरडं पडायला लागलं. त्याची बोटं थरथरली तेव्हा दोघं ओट्यावर लहान पोरांसारखे हसले. "लागू पडून राहिली!" म्हणाले.

हे चाललं पस्तीस दिवस.

आता इस्पितळाच्या तातडीच्या खोलीत भैय्यालाल पडद्याआड होता आणि यशवंतराव पडद्याबाहेर. मीराला कागद करायला पाठवलं होतं. ड्यूटीवर भार्गव नावाचा तरुण डॉक्टर होता. मराठी घरातला, पण उत्तर हिंदीतच द्यायचा.

"अंकल, आप बाहर बैठिए. पेशंट आपके कौन लगते हैं?"

"माझा... आम्ही धक्क्यावर सोबत होतो."

"ठीक है, बैठिए."

पडद्याआडून ओकारीचा आवाज आला. मग भार्गवचा आवाज, डॉक्टर ज्ञानदांशी फोनवर. "जी मॅडम. केमो के बाद तीन दिन से उलटी, कुछ टिक नहीं रहा... उलटी का इंजेक्शन भर के रखा है... हाँ, वो गोलीवाली स्टडी में हैं, इसीलिए पूछ रहा हूँ."

थोडा वेळ तो ऐकत राहिला. मग नर्सला म्हणाला, "सिस्टर, मॅडम कह रही हैं, रुको. अगर गोली असली है तो ये इंजेक्शन नहीं देना. दोनों मिलके दिल की धड़कन बिगाड़ते हैं. स्टडी के ऑफिस से इनका लिफाफा मंगवाओ, खोलने की परमिशन दे दी है. ईसीजी मशीन कहाँ है?"

"ऊपर वॉर्ड में है, सर. मंगवाती हूँ."

यशवंतरावांनी ऐकलं. शेजारी बसलेल्या इंदूबाईंनीही ऐकलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पाकिटातून काय निघणार, ते यशवंतरावांना ठाऊक होतं. पाकिटात निघणार होतं 'रिकामी'. ते वाचून हा पोरगा निर्धास्त होणार. मग सुई टोचणार. आणि भैय्यालालच्या रक्तात मात्र पस्तीस दिवसांच्या अर्ध्या गोळ्या मुरलेल्या.

ते उठायला गेले. इंदूबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"बसा," त्या हळूच म्हणाल्या.

"इंदू, अगं..."

"ते डॉक्टर आहेत. त्यांले कळते. मशीन येऊन राहिली ना? मशीन सांगन."

"मशीन आधी येते का सुई आधी, काय भरवसा?"

"आणि तुम्ही सांगितलं तर? बाटली काढून घेतील. गाठ लहान होऊन राहिली तुमची. मी डोळ्यानं पाहिला फोटो." त्यांनी मनगट आणखी आवळलं. "आयुष्यभर त्याले अर्धी देत आले. बिडी दिली, गोळी दिली. आता जीवही अर्धा देता का?"

यशवंतरावांना तिचा राग येईना. सूड नाही, लोभ नाही, एका बाईला नवरा हवा होता, एवढंच. आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही जगायचं होतं. फोटोतली ती लहान झालेली गाठ त्यांनीही रात्री डोळे मिटून कितीदा पाहिली होती. क्षणभर त्यांना वाटलं, बाई म्हणते ते खरं असेल. मशीन येईल. उलटी आपोआप थांबेल. आपण उगाच घाबरतोय.

नर्स लांबून येताना दिसली. हातात पिवळं पाकीट. मशीन कुठं दिसत नव्हती.

पडदा सरकला, मिटला. कागद फाटल्याचा आवाज आला.

"डमी है," भार्गव म्हणाला. आवाजात सुटकेचा निःश्वास होता. "चलो, एक टेन्शन गया. सिस्टर, इंजेक्शन दे दीजिए."

यशवंतरावांनी हात सोडवून घेतला. इंदूबाईंची नखं मनगटावर उमटली. पडद्यापर्यंत पाच पावलं होती, पण तेवढ्यानंही दम लागला. त्यांनी पडदा ओढला तो अर्धा कड्यांतून निसटून खाली आला.

"थांबा! देऊ नका!"

नर्सच्या हातात सिरिंज होती. सुई सलाईनच्या नळीपाशी पोचलेली.

"अंकल, आपको बाहर बोला था ना..."

"त्यानं माझी गोळी खाल्ली. रोज अर्धी. माझी खरी आहे."

"क्या? कौनसी आधी?"

"आधी! आधी काट के!" यशवंतराव हिंदीत ओरडले. "मैं भी उसी स्टडी में हूँ. मेरी आधी उसको, उसकी आधी मैंने. अडकित्ते से. पैंतीस दिन."

भार्गवनं एकदा त्यांच्याकडे, एकदा कॉटवर पाहिलं. मग झेप घेऊन नर्सचा हात मागं ओढला.

"मशीन! अभी! कोई भागो ऊपर!"

मशीन आली. तारा लावल्या. कागदाची पट्टी सरकत बाहेर आली आणि भार्गव ती हातात धरून वाकला. मग फोन उचलला. "मॅडम, क्यूटी बहुत लंबा है. बहुत... नहीं, नहीं दिया. एक अंकल ने रोक लिया."

क्यूटी म्हणजे ठोक्यानंतर हृदयाला सावरायला लागणारा वेळ. उलट्यांनी अंगातले क्षार निघून गेले होते, त्यात ती गोळी. ठोक्यांचा ताल आधीच तुटायला आला होता. सुई गेली असती तर कदाचित पाच मिनिटांत कायमचा तुटला असता. हे भार्गवनं नंतर मीराला समजावून सांगितलं. तेव्हा यशवंतराव भिंतीला टेकून उभे होते. सलाईनमधून पोटॅशियम अगदी हळूहळू चढत होतं. मॉनिटरवरची हिरवी रेघ वर-खाली होत होती. दोनदा तिनं वेडंवाकडं वळण घेतलं आणि दोन्ही वेळा नर्स धावली. तिसऱ्यांदा धावावं लागलं नाही.

डॉक्टर ज्ञानदा दुपारी एक वाजता आल्या. आधी भैय्यालालला पाहिलं, मग यशवंतरावांना आपल्या खोलीत बोलावलं. इंदूबाई न बोलावता आत आल्या.

"कोणाची कल्पना?"

"माझी."

"फॉर्म कोणी वाचून दाखवला होता त्यांना?"

"मीच."

ज्ञानदाबाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या टेबलाकडे पाहत राहिल्या. "साठ माणसं आहेत, काका. कोरबाहून येतात, जगदलपूरहून येतात. रात्रभर बसमध्ये बसून. कशासाठी? पुढं कोणाला तरी नक्की सांगता यावं म्हणून. आता तुम्ही दोघं धड गोळीवाल्यांत नाही, धड रिकाम्यांत नाही."

"चुकलं," यशवंतराव म्हणाले. "मले वाटलं, माझ्याजवळ आहे आणि त्याच्याजवळ नाही..."

"गोळी आजपासून बंद. दोघांची. बाटली द्या."

बाटली इंदूबाईंच्या पर्समध्ये होती. सकाळी घाईतही त्यांनी ती देव्हाऱ्यातून उचलली होती. त्यांनी पर्स छातीशी धरली.

"यांची गाठ लहान झाली ना बाई हिच्यानं?"

"मला माहीत नाही."

"फोटो तर तुम्हीच दाखवला!"

"गाठ लहान झाली हे खरं. केमोनं झाली असेल, गोळीनं झाली असेल, दोन्हींनी झाली असेल. मला माहीत नाही, इंदूताई. माहीत नाही म्हणूनच तर हा एवढा खटाटोप."

"दुकानात भेटते ना ही गोळी? जुनी आहे म्हणता. समता कॉलोनीत इतके दवाखाने आहेत, कोणीही लिहून देईल."

"देईल कदाचित. मी देणार नाही. आज सकाळी तिनं काय केलं ते तुम्ही पाहिलंत. आधी मी काकांचा ईसीजी काढणार आहे, आत्ता, लगेच."

खोलीत पंखा फिरत होता. इंदूबाई नवऱ्याकडे पाहत होत्या. त्यांनी एक शब्द बोलावा, मग काय वाट्टेल ते करू, असं ते पाहणं होतं. यशवंतरावांनी हात पुढं केला. इंदूबाईंनी पर्स उघडली, पण बाटली त्यांच्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली, आवाज होईल अशी, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

यशवंतरावांचा ईसीजी ठीक निघाला.

संध्याकाळी चारच्या सुमारास भैय्यालाल शुद्धीवर आला. मीरानं त्याला सगळं सांगितलं असावं, कारण यशवंतराव स्टूल ओढून बसले तरी त्यानं मान वळवली नाही.

"काबर बताए, बड़े बाबू?" का सांगितलंत?

"मग काय करू? तुले सुई टोचून मारून राहिले होते."

"त मर जातेंव. मोर गाँठ त वइसनेच हे." माझी गाठ आहे तशीच आहे, मेलो असतो. "तुंहर गोली त बाँचतिस." तुमची गोळी तरी वाचली असती.

"तोंड सांभाळून बोल, हमाल्या."

"तुमन सांभालव. बाबू होके अतका अक्कल नइ हे."

मीरा घाबरून दोघांकडे पाहू लागली. भैय्यालालच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळत होतं, पण तो ते पुसत नव्हता. यशवंतरावांनी ते पुसलं नाही. रुमाल काढून त्याच्या मोकळ्या हातात कोंबला.

"अब तुमन का खाहू?" डोळे पुसून त्यानं विचारलं. आता तुम्ही काय खाणार?

"केमो आहे ना. चालू राहणार आहे, दोघांची."

"अउ ओखर ले नइ होइस त?" आणि तिनं भागलं नाही तर?

तेवढ्यात ज्ञानदाबाई फेरीला आल्या. त्यांनी हिरव्या रेघेकडे पाहिलं, भैय्यालालच्या पावलांना हात लावून पाहिला आणि समाधानानं मान हलवली. मग यशवंतरावांना खुणेनं बाहेर बोलावलं.

"काका, तीन आठवड्यांनी तुमचा सीटी. सोमवार येतो. सकाळी उपाशी पोटी या."

"आता कशाले? मी तर बाहेर झालो."

"गोळीच्या बाहेर झालात. अभ्यासाच्या नाही. गोळी थांबल्यावर गाठ काय करते, हेही कुणाला तरी कळायला हवं. तुमची इच्छा असेल तर."

म्हणजे ती वाढते का, हे बघायचं. यशवंतरावांना ते समजलं. त्यांनी काचेतून आत पाहिलं. इंदूबाई आत आल्या होत्या. इस्पितळात आल्यापासून भैय्यालालकडे ढुंकून न पाहिलेल्या इंदूबाई आता मीराच्या हातून वाटी घेऊन त्याला चमच्यानं भाताची पेज पाजत होत्या. एकीकडे त्याच्यावर खेकसतही होत्या, कारण भैय्यालाल तोंड वाकडं करत होता.

"येतो," ते म्हणाले. "पण एक ऐका बाई. फोटोत वाढलेली दिसली, तर त्याले सांगू नका."

ज्ञानदाबाईंनी फॉर्मवर तारीख लिहिली. "मी एकाचं दुसऱ्याला सांगत नाही, काका," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच राहवणार नाही." आणि कागद त्यांच्या हातात दिला.